रोयणीतली अंडी

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात आमच्या लाटंबार्शाच्या घरात नागिणीनं अंडी घातली. मी तेव्हा बाळंतपणातून नुकती उठले होते आणि मुलगी पाळण्यात होती.

खरं म्हणजे मी इतक्या लवकर सासरी यायची नव्हते. माहेर माझं पेडण्याचं. पहिलटकरीण म्हणून तिथंच राहिले होते, पावसाळा तिथंच काढायचा असं आईनं ठरवून ठेवलं होतं. पण बारसं झालं आणि भावाच्या मोठ्या मुलाला कांजिण्या आल्या. एवढ्याशा जिवाला त्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. वडिलांनी टॅक्सी आणली, आईनं लांबूनच मुलीकडे बघून घेतलं, आणि आम्ही लाटंबार्शाला आलो. परतीची वाट त्या दिवसापासून बंद झाली, कारण मोठ्या मुलाच्या उतरल्या तोवर धाकट्याच्या फुटल्या आणि मग वहिनीलाही आल्या.

सासरी एकटी सासू. आम्ही सासूला मांय म्हणतो. सासरे वारून बरीच वर्षं झाली होती. नवरा डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. कोल्हापूर आणि बेळगावकडून आलेल्या चारपाच जणांबरोबर एका खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. त्या वर्षी तोही पुरता घरी आल्यासारखा नसायचा. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला होता, मराठीचं पुढं काय म्हणून मराठीवाल्यांच्या बैठका चालू होत्या, आणि रविवारी दुपारी जेवून तो त्या विचारातच परत जायचा. घरात मात्र आम्ही सगळे कोंकणीच बोलायचो. मांयला दुसरं काही बोलता येत नव्हतं. तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे, पण ते कानात तिच्याच शब्दांत आहे.

रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे रोयण ही सातेरी, देवी. आमचं घर रोयणीच्या भोवती बांधलेलं होतं. आतल्या खोलीत, मागच्या भिंतीला लागून ती छातीइतकी उंच उभी होती. तिचा अर्धा भाग खोलीत होता आणि उरलेला अर्धा भिंत फोडून पलीकडे गोठ्यात गेलेला. खोलीतल्या बाजूला हळदकुंकू, फूल आणि संध्याकाळी दिवा. गोठ्याकडच्या बाजूला नुसती लाल माती आणि भोकं. लग्न होऊन आले तेव्हा मीही इतरांसारखंच वाकून हात जोडले होते. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, ही माती वाळव्यांनी तोंडानं रचलेली आहे हे मला माहीत होतं, पण त्यामुळे हात जोडायला काही अडलं नाही.

मुलीचा पाळणा मधल्या खोलीत टांगला होता. मधली खोली आणि रोयणीची खोली यांत एक मातीची भिंत होती, ती खांद्यापर्यंतच. वर मोकळं, खाली दाराला उंबरा नाही.

काजूचे दिवस होते. मांय सकाळीच बोंडू गोळा करायला वर डोंगरात जायची. एके दिवशी मी गाईला पाणी ठेवायला गोठ्यात गेले तेव्हा रोयणीच्या बुडाच्या भोकात एक जाड, गव्हाळी शेपूट हळूहळू आत जाताना दिसलं. मी तशीच मागं सरून मुलीला उचललं आणि मांय येईपर्यंत अंगणात उभी राहिले.

मांयनं ऐकून घेतलं. बोंडवांची टोपली उतरवली, हात धुतले आणि रोयणीपुढं दिवा लावला. राखणदार आहे, म्हणाली. येतो, जातो. आपण वाटेत जायचं नाही.

पण तो गेला नाही. पुढं कितीतरी दिवस गोठ्यात पाय टाकला की आतून फूत्कार यायचा. गाय बिथरायची, तिला आम्ही बाहेर माडाला बांधू लागलो. मग एक दिवस कोंबड्यांनी उकरून उकरून भोकाच्या कडेची माती पाडली, आणि आत मला अंडी दिसली. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्यावर वेटोळं घालून नागीण.

लग्नाआधी वर्षभर आणि लग्नानंतरही गरोदरपणापर्यंत मी जवळच्या एका मराठी हायस्कुलात शास्त्र शिकवत होते, कायम नव्हे, रजेच्या जागेवर. अंड्यांचा धडा मला फार आवडायचा. डबक्यातून बेडकाची अंडी बरणीत घेऊन जायची आणि घरून कोंबडीचं एक अंडं. बरणीतली अंडी म्हणजे साबुदाण्याच्या खिरीसारखी, त्यांना कवच नाही. ती पाण्याबाहेर काढून खिडकीत ठेवली की तास संपायच्या आत सुकायला लागायची. मासे, बेडूक यांना म्हणूनच अंडी पाण्यातच घालावी लागतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसायचं. मग कोंबडीचं अंडं बशीत फोडायचं. हा पिवळा बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. आणि पिल्लू वाढायला लागलं की त्याच्याभोवती एक पातळ पिशवी तयार होते, तिच्यात पाणी असतं. तिला उल्ब म्हणतात. पिल्लू त्या पाण्यात तरंगतं. म्हणजे बेडकाला जे डबकं लागतं तेच डबकं कवचात बंद करून कोरड्या जमिनीवर ठेवलेलं. सरडे, पाली, साप, कासवं, सुसरी, आणि सगळे पक्षी असं अंडं घालतात. सुसर आणि कासव आयुष्यभर पाण्यात राहतात, पण अंडी घालायला त्यांना काठावर यावंच लागतं.

एका मुलीनं विचारलं होतं, साप पोहतो तर तो पाण्यातच अंडी का घालत नाही. मी म्हटलं, कवचाला बारीक भोकं असतात, आतला जीव त्यातून श्वास घेतो. पाण्यात ठेवलं तर तो गुदमरून मरेल. मग दुसऱ्या कुणीतरी माणसाचं विचारलं. वर्ग हसला. मीही हसले आणि सांगितलं की आपणही त्यातलेच. ऑस्ट्रेलियात दोन तऱ्हेचे केसाळ, अंगावर पाजणारे प्राणी अजून अंडी घालतात. बाकीच्यांनी अंडं पोटातच ठेवून घेतलं. कवच गेलं, पण उल्ब तीच आणि पाणी तेच.

तो सगळा धडा त्या दिवशी गोठ्याच्या दारात मला एकदम आठवला, आणि त्याचा हिशेब भलताच झाला. नागाची अंडी दोन महिन्यांच्या आसपास फुटतात. पिल्लू वीतभर असतं, कवचातून बाहेर पडतं तेव्हाच त्याला फणा असतो आणि विषही असतं. त्याला कुणी शिकवावं लागत नाही, वाढवावं लागत नाही. आणि ती दहाबारा तरी अंडी माझ्या मुलीच्या पाळण्यापासून एका अर्ध्या भिंतीच्या अंतरावर उबत होती.

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की रोयण खणून काढायला माणूस बघा. तो गोठ्यात जाऊन बघून आला. चेहरा उतरला होता. पण खणायचं नाव काढताच मांय उठून आत गेली आणि रोयणीला पाठ लावून बसली.  नवऱ्यानं मग देवळात कौल लावायचं काढलं.

दुसऱ्या दिवशी देवळात गेलो. पुजाऱ्यानं देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर रोयण खणायला होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बसून राहिलो. मुलगी मांडीवर झोपली, उठली, दूध प्यायली, परत झोपली. पाकळ्या वाळून कडांना मुडपल्या तरी एकही पडेना. शेवटी पुजारी म्हणाला की आज देवी काही बोलत नाही, परत या. बाहेर आल्यावर नवऱ्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. डिचोलीत खोली बघतो, असं सांगून तो गेला. खोली मिळत नव्हती हेही खरं. खाणीवरची माणसं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत होती.

मी घरातली जुनी लुगडी फाडून त्या भिंतीच्या बुडाशी आणि दाराखाली बोळे भरले. पाळण्याची दोरी आखडून तो इतका वर घेतला की मुलीला काढताना मला टाचा उंचवाव्या लागायच्या. दिवसा डोळे मिटेनात, कारण दिवसा मांय नसायची. ती असायची तेव्हाही मिटेनात. कौलांतून कवडसा हलला तरी मी उठायचे. आणि मग माझं दूध आटलं.

आधी कमी झालं, मग एका बाजूचं बंद झालं, मग दोन्ही. मुलगी ओढ ओढ ओढायची आणि तोंड सोडून रडायची. मांयनं आळिवाची खीर केली, नाचणीचं सत्त्व केलं, आसपासच्या बायकांनी सांगितलं ते ते केलं. आरोग्य केंद्रातली नर्सबाई आली तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, शेवटचं कधी झोपला होतात. मला सांगता आलं नाही. झोपल्याशिवाय दूध यायचं नाही, म्हणाली. तोवर गाईचं दूध पाणी घालून द्या, बाटली उकळून घ्या. मी उकळत होते. दर वेळी उकळत होते असं मला वाटतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं, की आपणच करायचं. खणायची गरजच नव्हती. पाणी पुरेसं होतं. मांय डोंगरात गेल्यावर मी मुलीला शेजारच्या घरी ठेवलं, मोठी बालदी भरून कढत पाणी घेतलं आणि गोठ्यात गेले. भोकासमोर उभी राहिले तर नागीण आतून वर आली. फणा काढून ती माझ्या गुडघ्याएवढी झाली आणि तशीच थांबली, पुढं आली नाही, मागंही सरली नाही. तिच्या अंगावरची खवलं मलूल झाली होती, बाजू आत गेल्या होत्या. अंडी घातल्यापासून तिनं काही खाल्लं नसावं. मी बालदी उचलली, पण ती कलंडून माझ्याच पायांवर आणि गोठ्याच्या जमिनीवर सांडली. पाऊल भाजलं. मी तिथंच शेणात बसले.

मांय परत आली तेव्हा तिला गोठा ओला दिसला, बालदी दिसली, माझं पाऊल दिसलं. तिनं पावलाला खोबरेल लावलं. मग माझ्यासमोर बसून तिनं जे सांगितलं ते माझ्या नवऱ्यालाही धड माहीत नव्हतं.

नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. पोर्तुगीज जाऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. माझे सासरे नव्या विचारांचे, त्यांना खोली मोठी हवी होती. त्यांनी पिकास घेतली आणि एका दुपारी रोयण जमिनीला सपाट केली. मांय नको म्हणत होती, पण सून होती, तिचं कोण ऐकणार. त्याच पावसाळ्यात मुलाला ताप आला. डिचोलीला नेईपर्यंत नदी भरली होती आणि पलीकडे जाता आलं नाही. तो तिच्या मांडीवर गेला. पुढच्या वर्षी रोयण त्याच जागी परत वर आली. सासऱ्यांनी रोयणीला नंतर कधी हात लावला नाही.

"तुला वाटतं मी देवीसाठी अडवते," मांय म्हणाली. "मी हिच्यासाठी अडवते गो."

आणि तिनं पाळण्याकडे बोट केलं.

मला तिला सांगायचं होतं की तापाचा आणि मातीचा संबंध नसतो. ती वाक्यं तोंडाशी आली होती. पण तिच्या डोळ्यांत मला जी भीती दिसली ती हुबेहूब माझी होती, आणि त्या भीतीला मी काय शिकवणार होते. त्यानंतर आम्ही दोघी भांडलो नाही. आळीपाळीनं पाळण्याजवळ बसू लागलो. ती काजूला जायची बंद झाली, बोंडू झाडांखाली कुजून गेले. ती बसली असताना मी पडून राहायचे आणि मी बसले असताना ती, पण झोप दोघींनाही नव्हती. घरात आम्ही हळू आवाजात बोलायचो, जसं काही कुणी आजारी आहे.

राज्य झालं त्या दिवशी शाळेकडून कर्ण्याचा आवाज येत होता. नवरा पेढे घेऊन आला. त्याला आनंद करावा की नाही हे ठरवता येत नव्हतं. राज्य तर झालं पण ते आपल्या भाषेचं नाही, असं काहीसं तो बोलत राहिला. मांयनं विचारलं, राज्य झालं म्हणजे इस्पितळ इथं जवळ येणार का. तो म्हणाला, येईल कधीतरी. तिनं पेढा रोयणीपुढं ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, मी विहिरीवर मुलीची दुपटी धूत होते. मांय पाळण्याजवळ होती. परत आले तर ती खोलीच्या मधोमध उभी, हातात कोयता. पाळण्यातून दुपट्याचं एक टोक खाली जमिनीपर्यंत लोंबत होतं. त्याच्या बुडाशी दोन तुकडे झालेलं पिल्लू पडलं होतं, माझ्या करंगळीपेक्षा बारीक. डोक्याकडचा तुकडा अजून हलत होता आणि फणा उघडायचा प्रयत्न करत होता.

"दुपट्यावरून वर चढत होतं," मांय म्हणाली.

मी मुलीला उचलून अंगणात पळाले. बाहेरून मला पहिला घाव ऐकू आला. मांयनं गोठ्यातून पिकास आणली होती आणि ती रोयण फोडत होती. त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात एवढी ताकद कुठून आली मला माहीत नाही. हळदकुंकवाची बाजू आधी पडली, मग आतल्या पोकळ्या उघड्या झाल्या, हजारो वाळव्या जमिनीवर सांडल्या आणि ती त्यांच्यात अनवाणी उभी राहून घाव घालत राहिली. तोंडानं एकच शब्द चालला होता, माफ कर, माफ कर. मी दारातून ओरडत होते की नागीण असेल, लांब व्हा. नागीण नव्हती. ती केव्हाच निघून गेली होती.

अंडी तिथंच होती. सगळी रिकामी. प्रत्येकाला एकदोन चिरा, जसं कुणी धारदार काहीतरी आतून ओढलं असावं. वाळलेल्या चामड्यासारखी ती सुरकुतली होती. आवाजानं धावत आलेल्या शेजारणीच्या हातात मी मुलीला दिलं आणि आत जाऊन एक उचललं. आतला भाग अजून ओलसर होता, आणि बोटाला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटला. पेडण्याच्या दवाखान्यात मुलगी झाली तेव्हा सुईणीनं तिच्या खांद्यावरून असाच पापुद्रा पुसून काढला होता. मी तो बोटावरून पुसून टाकला.

उशीर झाला होता, दोन्ही बाजूंनी. मांयनं रोयण मोडली होती, आणि ज्यासाठी मोडली ती पिल्लं घरात, गोठ्यात, परड्यात कुठं कुठं पसरली होती ते कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही घर सोडलं. काजूच्या भट्टीसाठी डोंगराच्या पायथ्याशी झावळ्यांचा एक मांडव होता, हंगाम संपून तो रिकामाच होता. निरोप धाडला तसा नवरा आला, त्यानं चार माणसं घेऊन घर धुंडाळलं. एक पिल्लू चुलीमागं सापडलं, एक तांदळाच्या कणगीखाली. बाकीची सापडली नाहीत. आणि मांडवात दुसऱ्याच दिवशी मुलीला जुलाब सुरू झाले.

संध्याकाळपर्यंत ती रडायचीही थांबली. ओठ कोरडे, डोळे खोल. टाळूवर हात ठेवला तर तिथं खळगा पडला होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती. नवऱ्यानं खाणीवरची जीप मिळवली. मी मांयला हाताला धरून जीपकडे नेलं, तर ती मागं सरली. म्हणाली, मी घरी जाऊन बसते. हात माझा होता. सातेरीला जे घ्यायचं आहे ते तिनं माझ्याकडून घेऊ दे.

समजावायला वेळ नव्हता. जीप निघाली तेव्हा ती त्या मोडक्या रोयणीच्या घराकडे एकटी चालत जाताना दिसली.

म्हापशाच्या सरकारी इस्पितळात मुलीच्या हाताची शीर मिळेना. शेवटी डोक्याचे केस काढून तिथं सुई लावली. थेंब थेंब पाणी आत जात होतं आणि मी थेंबांकडे बघत बसले होते. डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, अंगावर पाजता का. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, बाटलीनं झालं हे. एवढंच म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. मला वाटलं हे मांयला सांगायला हवं. तिनं काही केलेलं नाही हे तिला आत्ता, या क्षणी कळायला हवं. पण ती तिकडं होती, आणि आमच्या वाड्यावर तेव्हा फोन नव्हता.

नवरा मधे एकदा जाऊन तिला बघून आला. ती रोयणीच्या ढिगाऱ्यासमोर बसून होती, शेजारणीनं दिलेली पेज तशीच होती. घरात पिल्लं असतील म्हणून तो तिला बाहेर ओढू लागला तर तिनं खांबाला मिठी मारली. मग तो तिथंच दारात बसून रडला, असं त्यानं मला फार वर्षांनी सांगितलं.

मुलगी वाचली. एका सकाळी तिनं दुपटं ओलं केलं आणि वॉर्डातली नर्स म्हणाली, आता भीती नाही. ती पुन्हा रडू लागली तेव्हा त्या आवाजानं शेजारच्या खाटेवरचं पोर दचकून उठलं, आणि त्याच्या आईनं माझ्याकडे बघून मान हलवली.

आम्ही लाटंबार्शाला परत आलो तेव्हा मांय अंगणात उभी होती. अर्धी झाली होती. गाडी थांबली तरी ती पुढं आली नाही.

"आसा?" तिनं विचारलं. आहे का.

मी म्हटलं, आहे, मांय, बरी आहे. जुलाब बाटलीच्या दुधानं झाले होते, डॉक्टरनं सांगितलं, तुमच्यामुळे काही झालं नाही. मी हे सगळं एका दमात बोलले आणि मुलीला तिच्यापुढं धरलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझ्या हातात नाका," म्हणाली. माझ्या हातात नको.

त्यानंतर तिनं मुलीला कधी उचललं नाही. मी किती तऱ्हांनी सांगितलं. नवऱ्यानं सांगितलं, नर्सबाईनं सांगितलं, देवळातल्या पुजाऱ्यानंही सांगितलं की देवीचा राग नाही. ती ऐकून घ्यायची. मुलीसाठी पेज करायची, सत्त्व करायची, दुपटी शिवायची, पण भरवायचं मी, घालायचं मी. मुलगी रांगत तिच्याकडे गेली की ती उठून जायची. पावसाळा संपता संपता डिचोलीत एक खोली मिळाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. मांयला पुष्कळ बोलावलं, ती आली नाही. त्या घरात ती एकटीच राहिली. शेजारी सांगायचे की ती ढिगाऱ्यावर रोज पाणी शिंपडते.

मला शाळेत पुन्हा रजेची जागा मिळाली, दुसऱ्या गावात. अंड्यांचा धडा आला तेव्हा मी तो पुस्तकातून वाचून दाखवला. बरणी नेली नाही.

मुलगी तीन वर्षांची झाली असेल. मांय अधूनमधून बसनं डिचोलीला यायची, काजूगर, कोकमं असलं काही घेऊन. खोलीत आत बसायची नाही, पायरीवर बसायची आणि दुपारच्या बसनं परत जायची. एकदा ती अशीच पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मुलगी खेळून खेळून दमली होती. ती मागून आली आणि मांयच्या पाठीला पाठ लावून बसली, आणि तशीच झोपून गेली. मांयचे हात शेंगांत थांबले. मी दारातून बघत होते. तिनं मान वळवली नाही. मुलीचं डोकं हळूहळू घसरून तिच्या कमरेपाशी आलं.

मी पुढं होऊन मुलीला उचलायला वाकले, तर मांयनं डोळ्यांनीच मला नको म्हटलं. समोरच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली, कंडक्टरनं हाक मारली, बस निघून गेली. ऊन पायरीवरून सरकून मुलीच्या तोंडावर आलं. मी छत्री आणून धरली. मुलगी उठेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.